चहातली साखर आणि ताटातले शीत

जून २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले आणि आमचा इवलासा गोवा देशात पहिला आला. वीस वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के. म्हणजे चारांतला एक. पुदुच्चेरी २६.३ वर, केरळ २५.५ वर. देशाची सरासरी ११.४ आणि उत्तर प्रदेशाचा आकडा अवघा ४.८. पाहणी लहानसहान नव्हती. २००८ ते २०२० या काळात देशभरातल्या १ लाख १३ हजार माणसांना तपासून हे आकडे काढले होते.

त्यानंतर आठवडाभर गोव्यात जी चर्चा झाली ती आठवते. बाहेरच्यांनी निदान केले की गोवेकर पितात फार, म्हणून. आम्ही निदान केले की पर्यटनामुळे पिझ्झा-बर्गर आला, म्हणून. काही जाणत्यांनी सांगितले की गोव्यात माणसे जास्त वर्षे जगतात, शहरीकरणही जास्त, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. यातले तिसरे कारण खरे आहे आणि दुसऱ्यातही थोडे तथ्य आहे. पण डिचोली तालुक्याला समुद्र नाही, किनाऱ्यावरचे शॅक नाहीत, आणि पेडण्याच्या आतल्या गावांत, चांदेल किंवा कासारवर्णेत, कोणी रोज पिझ्झा खात नाही. तिथल्या प्रत्येक वाड्यावरही गोळ्यांच्या पट्ट्या असलेला प्लास्टिकचा डबा घरागणिक सापडतो. माझे मत असे की आपण चोर दाराबाहेर शोधतो आहोत. तो सकाळी सायकलवरून पोंपों वाजवत येतो, दुपारी ताटात डोंगर होऊन बसतो आणि संध्याकाळी बशीत चार बिस्किटांच्या रूपाने येतो.

कोंकणीत या रोगाला गोडेंमूत म्हणतात. शब्द नेमका आहे, पण त्यानेच घात केला असे मला कधी कधी वाटते. रोगाच्या नावातच गोड, तेव्हा गोड सोडले की झाले, अशी समजूत. पेडण्याच्या बाजूची एक ओळखीची काकी मला अभिमानाने म्हणाली, "साखर तर कदीच सोडलंय रे, आता गूळ घालतंय." गुळात वजनाच्या ८०-८५ टक्के साखरच असते. थोडे लोह, थोडी खनिजे, छान वास आणि तपकिरी रंग एवढाच काय तो फरक. रक्ताला रंग दिसत नाही. माडाच्या गुळाची गोष्टही फार वेगळी नाही. तो चवीला अप्रतिम आहे, सूर आटवून करणाऱ्याचे कष्ट त्यात आहेत, तो टिकला पाहिजे. पण औषध म्हणून तो खाऊ नये.

बरे, काकीने गूळही सोडला असे समजा. चहाच्या कपात दोन चमचे साखर, म्हणजे आठ-दहा ग्रॅम. ती गेली. फिका चहा घशाखाली उतरत नाही म्हणून सोबत दोन पाव आले. पावाच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग पिष्टमय पदार्थाचा. ऐंशी ग्रॅमचे दोन पाव म्हटले तर चाळीस ग्रॅम पिष्ट पोटात गेले, आणि मैद्याचे पिष्ट रक्तात साखर होऊन यायला फारसा वेळ घेत नाही. दहा ग्रॅम वाचवले, चाळीस ग्रॅम घेतले. हाच हिशेब मारी बिस्किटांचा. ती गोड लागत नाहीत म्हणून ती पथ्याची, असा आपल्याकडे एक ठाम समज आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण तेच पुडे नेतो. चार बिस्किटांत पंधरा-सोळा ग्रॅम पिष्ट आणि साखर असते, त्यातली चार-पाच ग्रॅम तर सरळ सरळ साखर.

रक्तातल्या साखरेला जीभ नसते. कोणता पदार्थ किती वेगाने साखर वर नेतो हे मोजायची एक पद्धत टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. पन्नास ग्रॅम पिष्ट किंवा साखर मिळेल इतका पदार्थ माणसाला खायला द्यायचा, पुढचे दोन तास रक्त तपासायचे आणि शुद्ध ग्लुकोजला शंभर धरून तुलना करायची. याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात, थोडक्यात जीआय. ५५ च्या खाली असेल तो पदार्थ सावकाश चढणारा, ७० च्या वर तो भरधाव. गंमत म्हणजे पांढरा पाव ७५ च्या आसपास येतो आणि साधी साखर ६५ च्या. पांढऱ्या भाताचा आकडा जातीप्रमाणे आणि शिजवण्याप्रमाणे हलतो, पण बहुधा तो पावाच्या शेजारीच बसतो. चणे तीसच्या आतबाहेर. (आम्हां गोवेकरांना जीआय म्हटले की दुसरेच आठवते. २००९ मध्ये काजूच्या फेणीला जीआय मिळाला, २०२१ मध्ये जत्रेतल्या खाज्यांना आणि हरमलच्या मिरचीला. तो जीआय भूगोलाचा. खाज्यांचे दोन्ही जीआय एकाच पुडीवर छापायची वेळ आली तर मौज येईल. आत बेसन, वर गुळाचा पाक!)

आता पेजेकडे येतो, कारण खरा विषय तोच आहे. पेज हा आमच्याकडे भावनेचा विषय. उकड्या तांदळाची पेज, सोबत मिठातले तोर किंवा खाऱ्यातले काही, नशीब असेल तर सुक्या सुंगटांची किसमूर. गोव्याबाहेर राहणारा गोवेकर पेज म्हटले की डोळे मिटतो. अलीकडे तर पेज हा मधुमेहावरचा उपाय असल्यासारखे लोक बोलतात: "उकडो चलता, ताका शुगर जायना." हे अर्धे खरे आहे. अर्धे खरे हेच जास्त नडते.

खरे काय ते आधी. उकडा तांदूळ करायची रीत जुन्या घरांतून पाहिलेली माणसे अजून आहेत. भात रात्रभर भिजत घालायचे, मोठ्या तांब्याच्या भाणात उकडायचे, खळ्यात चटईवर वाळवायचे, सतत पायाने परतत राहायचे आणि मग गिरणीला न्यायचे. (नवख्यांसाठी: आमच्याकडे भात म्हणजे सालीसकटचे धान्य. शिजले की ते शीत. जो समाज एका धान्याला भात, तांदूळ, शीत, पेज, आटवल अशी वेगवेगळी नावे ठेवतो त्याचे त्या धान्याशी नाते केवढे असेल!) साल न काढता उकडल्यामुळे दाण्यातले पिष्ट आतल्या आत फुगते आणि वाळताना पुन्हा घट्ट बांधले जाते. हे बांधलेले पिष्ट पचायला वेळ लावते. शिवाय कोंड्यातले ब जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत सरकते आणि गिरणीत कांडताना सगळे वाया जात नाही. ज्या मुलखांत लोक पांढरा सडलेला तांदूळ खाऊ लागले तिथे बेरीबेरीने माणसे मेली आणि उकडा खाणारे पुष्कळसे वाचले, हा इतिहास आहे. तेव्हा उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा सरस, यात शंका नको.

पण सरस म्हणजे किती? शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात पिष्ट सुमारे ७८ ग्रॅम. शंभर ग्रॅम उकड्या तांदळात? तेवढेच, एखाद-दुसरा ग्रॅम इकडेतिकडे. उकडा सावकाश चढतो, पण चढायचा तेवढा चढतोच. सावकाश चालणाऱ्या बसमध्येही दुप्पट माणसे कोंबली की गर्दी होतेच. त्यातून पेजेसाठी दाणा अगदी मऊ होईपर्यंत शिजवला की त्याचा सावकाशपणाही काहीसा जातो. अखंड दाणा, जो जरा चावावा लागतो, तो वेगळा. आजाऱ्यासाठी केलेली गुरगुटी आटवल वेगळी. घरात मीटर असेल तर हे पाहायला विद्वान नको. एक दिवस पेजेआधी आणि पेजेनंतर दोन तासांनी मोजा, दुसऱ्या दिवशी तितक्याच तांदळाचे शीत खाऊन मोजा, तिसऱ्या दिवशी पाव खाऊन. आकडे वहीत लिहा. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते, आणि आपल्या शरीराची बातमी आपल्याच बोटातून मिळते.

पेजेचा मोठेपणा मला तांदळाच्या जातीपेक्षा पाण्यात दिसतो. वाडगाभर पेजेत मूठभर तांदूळ असतो. पोट भरते ते पाण्याने. तेच दुपारच्या ताटातले शीत घ्या: तीन मुठी सहज. सकाळी दहाला पेज घेऊन जो माणूस मोरडीत नांगरायला किंवा खाजनाच्या बांधाला माती लावायला जात होता त्याने ती मूठभर पेज तासाभरात जाळून टाकली. सरद आणि वायंगण अशी दोन पिके काढणारा शेतकरी, डोक्यावर टोपली घेऊन शुक्रवारचा म्हापसा बाजार गाठणारी बाई, कुमेरीत नाचणी पेरणारा कुळवाडी, या माणसांचे स्नायू साखर मागत असत. चालत्या स्नायूला साखर आत घ्यायला इन्सुलिनची फारशी मनधरणी करावी लागत नाही. पेज तीच राहिली, नांगर गेला. आता ती पेज खाऊन माणूस स्कूटरवर बसतो, तिथून काउंटरमागच्या खुर्चीवर बसतो आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसतो.

चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांची यादी आहे. तिची सुरुवातच बसण्याच्या आणि झोपण्याच्या सुखाने होते. मग दही, जलचरांचे मांस, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ. दोन हजार वर्षांमागे कोणी आपल्या पंगतीचे वर्णन करून ठेवले असावे असे वाटते. पेडण्यात धारगळला डिसेंबर २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी आहे. तिथे जाणाऱ्यांनी काढा जरूर घ्यावा, पण यादीतला तो पहिला शब्दही विचारून घ्यावा.

डिचोलीची गोष्ट आणखी निराळी. तिथे शेती आपण सोडली असे सरसकट म्हणता येणार नाही. काही ठिकाणी ती खाणींच्या मातीखाली गेली. पावसाळ्यात डंपांवरून लाल गाळ उतरला आणि शेतांत, ओहोळांत बसला. ज्या घरात स्वतःचे भात उकडले जाई तिथे बाजाराचा किंवा रेशनचा पांढरा तांदूळ आला. शेतकऱ्याच्या मुलाने ट्रक घेतला. दिवसाचे दहा-बारा तास बसून काम, फेरीमागे एक चहा, चहामागे भाजी-पाव, उन्हात थंड बाटली. मग २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा जेमतेम सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद. ट्रक दारात उभा राहिला. बसणे चालूच, वर कर्जाची काळजी आणि झोपेचे खोबरे. काळजीने आणि अपुऱ्या झोपेनेही साखर वर जाते, हे आता सर्वमान्य आहे. खाणींच्या हिशेबात किती टन खनिज गेले, किती महसूल बुडाला हे सगळे लिहिले गेले. माणसांच्या रक्ताचा हिशेब कोणी त्या वहीत धरला नाही.

तरीही मी शीत सोडा असे म्हणणार नाही. इथेच माझे डॉक्टर मंडळींशी भांडण आहे. आपल्याकडे तपासणीनंतर जो छापील तक्ता हातात पडतो तो वाचावा. सकाळी ओट्स किंवा दलिया, अकराला सफरचंद, दुपारी दोन चपात्या, भात वर्ज्य. हा तक्ता कोणत्या गावचा? पेडण्यातल्या साठीच्या बाईने आयुष्यात रोज चपाती लाटलेली नसते. ती तक्ता देवघराच्या फळीवर ठेवते, आठ दिवस चपाती खाते, नवव्या दिवशी शिताकडे परत येते आणि पथ्य मोडल्याच्या भीतीने पुढच्या तपासणीला जायचेच टाळते. चपाती म्हणजे काही अमृत नव्हे, तिच्यातही पिष्टच आहे. त्यापेक्षा तिला एवढेच सांगा: बाय, शीत खा, पण ही वाटी घे आणि ती सपाट भरून एकदाच. त्याआधी भाजी आणि नुस्ते खा. या आधी-नंतरलाही अर्थ आहे. भाजी आणि मासळी पोटात आधी गेली आणि भात मागाहून गेला तर तेच जेवण साखर कमी चढवते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या हुमणात नारळ आहे, आंबट आहे, मासळीत पिष्ट नाही. ताटात खोट नाही, प्रमाणात आहे. शिताचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी एक बांगडा, हे चित्र उलटे करायचे आहे.

आणि ताटातून जे नाहीसे झाले ते परत आणायचे आहे. अळसांद्यांचे तोणाक, कुळथाची पिठी, चण्याची उसळ, ताळखिळा, तांबडी भाजी. कडधान्यांतले पिष्ट तंतूंत आणि प्रथिनांत गुंतलेले असते, ते हळूहळू सुटते. कुळथाची पिठी तर पेडणे आणि सिंधुदुर्ग या पट्ट्याचा प्राण! गरिबाचे खाणे म्हणून आपण ती सोडली आणि तिच्या जागी आणखी एक वाटी शीत वाढले. नाचणीबद्दल मात्र सावध राहा. आज नाचणीला फार भाव आला आहे, नाचणीची बिस्किटेही मिळतात. नाचणीची जाडी भाकरी किंवा ताक घातलेली आंबील ठीक आहे, पण वस्त्रगाळ सत्व दुधात शिजवून गोड करून घेतले तर ते बाळाला वाढवायला आहे, मधुमेह्याला नव्हे.

पोळीचेही (पोदेराकडची, पुरणाची नव्हे) असेच झाले आहे. कोंड्याची पोळी म्हणून आपण विश्वासाने घेतो. पूर्वी ती भरड पिठाची असे. आता बऱ्याच ठिकाणी आत मैदा आणि वर कोंड्याची पावडर लावलेली. फोडून पाहा, आतला रंग सगळे सांगतो. नव्या काबिजादीतल्या आमच्या घरांत पाव यायला तसा उशीरच झाला. पावाने बाटण्याच्या गोष्टी आजीच्या तोंडी होत्या. एकदा आला तो मात्र असा रुळला की भाकरीचा तवा माळ्यावर गेला.

पिण्याचे थोडक्यात सांगतो. भिरंडाचे फळ एकच, पण मीठ घालून काढलेले आगळ आणि साखरेच्या पाकातले सरबत ही दोन टोके आहेत. सोलकढी बिनधास्त घ्या, सरबत जपून. तीनशे मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. इतकी साखर चहात घातली तर आपण घालणाऱ्याला वेडा म्हणू. शहाळ्याच्या पाण्यातही साखर असते, पण बरीच कमी. एप्रिलमध्ये काजूचा ताजा नीरो आला की डिचोली-सत्तरीच्या डोंगरांतून कोणीतरी बाटली पाठवतो. तो फळाचा निव्वळ रस आहे, घोटभर चाखावा. हुर्राक आणि फेणी भट्टीतून उतरतात, त्यांत साखर राहत नाही. ती आपण लिम्का ओतून घालतो. पण दारूचा धोका वेगळाच आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. यकृत दारू उरकण्यात गुंतले की रक्तात साखर सोडायचे काम मागे पडते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेला माणूस उपाशीपोटी प्याला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. तो घामाघूम होतो, बरळतो, आणि लोक म्हणतात याला चढली. त्याला घरी नेऊन झोपवतात. ही झोप शेवटची ठरू शकते.

हेच उपासाचे. आमच्या बायकांचे संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार सुटत नाहीत. गोळी नेहमीप्रमाणे सकाळी घेतली आणि दुपारपर्यंत पोटात काही नाही, हा प्रकार घरोघर चालतो. साखर ७० च्या खाली गेली, हातपाय थरथरू लागले, छाती धडधडली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि सुधारणा नसेल तर परत द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता गाडी काढावी. आणि संध्याकाळी उपास सोडताना जी साबुदाण्याची खिचडी येते ती साखर दुसऱ्या टोकाला नेते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दिवसभर खड्डा, रात्री शिखर. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून गोळीचे गणित बदलून घ्यावे. देव रागावणार नाही, तो पेडण्याचा असो की शिरगावचा.

सगळ्यांत अवघड आहे ते आपले आतिथ्य. घरी आलेल्याला चहा विचारला नाही तर आपल्याला अपराध्यासारखे वाटते, आणि पाहुण्याने साखर नको म्हटले की यजमानाचा चेहरा पडतो. "थोडी घालतां, इल्लीशी." ही इल्लीशी दिवसाला पाच घरांत होते. चवथीत तर विचारू नका. आरतीला वाड्यावरच्या पंधरा-वीस घरांत जायचे, प्रत्येक घरात बशी पुढे येते: नेवऱ्या, लाडू, मोदक, वर गोड चहा. नाही म्हटले तर गणपतीचा अपमान आणि घरच्या बाईचा त्याहून मोठा. चारांतला एक मधुमेही असेल तर घुमट वाजवणाऱ्या आठ जणांच्या मेळ्यात दोघे तरी तसे असणार. ते दोघे बशी घेतात, हसतात आणि खातात. दिवाळीनंतर पायाची जखम का भरत नाही म्हणून कोड्यात पडतात. पायाचे बोट, डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड यांचे नुकसान आवाज न करता होते. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस वाहून गेलेली घरे मी जवळून पाहिली आहेत. कमावता मुलगा रजा काढून बापाला नेतो आणि सगळे घर त्या खुर्चीभोवती फिरू लागते.

म्हणून माझे म्हणणे रोग्यापेक्षा यजमानाला आहे. पाहुण्याने नको म्हणायचे ओझे त्याच्यावर का? चहात साखर न घालता साखरेची वाटी वेगळी ठेवली तर कोणाला लाज वाटायची गरज नाही. आरतीच्या मेळ्याला गोडाच्या बशीसोबत खोबरे घातलेली चण्याची उसळ ठेवावी. प्रसादाची एक नेवरी चारांत वाटून खाल्ली तरी तो प्रसादच राहतो. पंगतीत मणगणे वाढणाऱ्याने आग्रह न करता पुढे सरकावे. जत्रेतली खाजी मुलांना द्यावी आणि स्वतः एक कांडी चघळत घरापर्यंत चालत यावे. जेवणानंतरची पंधरा मिनिटांची चाल हे इतके स्वस्त औषध आहे की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

आणि आरोग्य केंद्रांनी एक करावे. तो ओट्सचा तक्ता फाडून कोंकणी आणि मराठीत नवा लिहावा. त्यात वाटीचे चित्र असावे, शीत, पेज, पाव, पोळी, हुमण, तोणाक हे शब्द असावेत, आणि तो लिहायला गावातल्या दोन स्वयंपाक जाणणाऱ्या बायकांना बसवावे. आहारतज्ज्ञाने आकडे सांगावेत, त्यांनी प्रमाण सांगावे: कोणती वाटी, कोणता डवला, किती मुठी. असा तक्ता फळीवर पडून राहणार नाही, चुलीशेजारी लागेल.

डिचोलीचा बाजार बुधवारी भरतो. गावठी कुळीथ आणि अळसांदे घेऊन बायका सकाळी लवकर बसतात. उशिरा गेलात तर दुकानातल्या पिशवीतले घेऊन परतावे लागेल. तेही चालतील, पण शिजायला जास्त वेळ घेतात आणि चव बेताचीच.